जुनी जपानी बेसबॉल कार्डं: काही महिन्यांच्या संग्रहानंतर

जुनी जपानी बेसबॉल कार्डं जमवायची असतील तर आधी मेन्को घ्या, आणि तेही मुलांनी खेळून झिजवलेले. तोक्योत राहून गेले काही महिने हाच नाद लागलाय आणि आता हे मत पक्कं झालंय.

मेन्को म्हणजे जाड पुठ्ठ्याचं कार्ड, गोल किंवा उभट. एकाने आपलं कार्ड जमिनीवर ठेवायचं, दुसऱ्याने आपलं त्याच्या शेजारी जोरात आपटायचं. हवेच्या झोताने खालचं उलटलं की ते आपटणाऱ्याचं. सुमो पैलवान, नट, विमानं अशा सगळ्यांचे मेन्को निघायचे. बेसबॉलपटूंचे विशेषतः युद्धानंतर, 1960 च्या दशकापर्यंत भरपूर निघाले. गल्लीतल्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानांत ते मिळायचे. मागच्या बाजूला बरेचदा लांबलचक आकडा आणि मूठ, कात्री किंवा पंजा छापलेला असतो. आपटायला जागा नसेल तर आकडा मोठा ज्याचा तो जिंकला, आपण डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळायचो तसंच.

या कार्डांवर वर्ष क्वचितच छापलेलं असतं, आणि मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला तो ते शोधून काढण्यात. जपानी संघ कंपन्यांच्या मालकीचे. मालक बदलला की नाव बदलतं. त्यामुळे टोपी आणि छातीवरची अक्षरं नीट बघायची. दाइमाई ओरायन्स हे नाव 1958 ते 1963 एवढंच होतं, म्हणजे ते दिसलं की सहा वर्षांच्या चौकटीत आलात. कोकुतेत्सु स्वॅलोज 1950 ते 1965. निशितेत्सु लायन्स 1951 ते 1972. खेळाडूवरूनही धागा लागतो. शिगेओ नागाशिमा तोक्योच्या जायंट्स संघाकडून पहिल्यांदा उतरले 1958 मध्ये, सादाहारू ओह 1959 मध्ये. ओह एक पाय उचलून फटका मारायला लागले 1962 पासून, म्हणून ती सुप्रसिद्ध ढब कार्डावर असेल तर ते त्याच्या आधीचं असूच शकत नाही. पाठीवरचा आकडाही उपयोगी पडतो: ओह 1, नागाशिमा 3, जायंट्सचेच तेत्सुहारु कावाकामी 16. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, वाचता येत नसली तरी एवढ्यावर पुष्कळ काम भागतं. काताकाना ही जपानी अक्षरमाला मात्र शिकून घ्याच, आठवडाभरात जमते आणि संघांची नावं वाचता येऊ लागतात.

माझ्याकडचा सगळ्यात लाडका मेन्को पिचर (चेंडू टाकणारे) काझुहिसा इनाओ यांचा आहे, निशितेत्सु लायन्सच्या गणवेशातला. कृष्णधवल फोटोवर रंग चढवलेत. आकाश गुलाबी, गाल लालभडक, आणि टोपीचा काळा रंग रेषेच्या थोडा बाहेर सरकलाय. कोपरे फुलून पुठ्ठ्याचे थर सुटलेत. मागच्या बाजूवर नख फिरवलं की गुळगुळीत लागतं, कारण कुणा मुलाने त्यावर मेण घासलंय. कार्ड जड व्हावं, सहज उलटू नये म्हणून मुलं असं करायची. 1958 च्या जपान सीरिजमध्ये, म्हणजे वर्षाच्या अजिंक्यपदाच्या लढतीत, लायन्स जायंट्सविरुद्ध पहिले तिन्ही सामने हरले आणि पुढचे चारही जिंकले. ते चारही विजय इनाओंच्या नावावर आहेत, शिवाय पाचव्या सामन्यात सामना संपवणारा होमरनही त्यांनीच मारला. लायन्सच्या गावी, फुकुओकात, लोक त्यांना देव म्हणायचे. त्या काळातल्या एखाद्या पोराने हेच कार्ड जिंकायला मेण घासलं असेल, हे मला कोऱ्या करकरीत कार्डातून कधीच कळलं नसतं. म्हणूनच प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या, दर्जाचा आकडा चिकटवलेल्या कार्डांसाठी जास्तीचे पैसे मोजायला मी तयार नाही.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. ब्रोमाइड म्हणजे फोटोसारखी पातळ कार्डं. चेहरे सुंदर दिसतात, पण जपायला फार नाजूक. काल्बी या खाऊ बनवणाऱ्या कंपनीची कार्डं 1973 पासून स्नॅकच्या पाकिटाबरोबर मिळू लागली. फोटो रंगीत आणि चैतन्याने भरलेले, क्रमांक असल्यामुळे यादी करून जमवणाऱ्यांना ती आवडतात. मलाही आवडतात, पण हाताला मेन्कोसारखी भरत नाहीत.

खरेदीसाठी तोक्योतल्या जिम्बोचो भागातली जुन्या पुस्तकांची दुकानं आणि नाकानो ब्रॉडवे हा मॉल, दोन्हीकडे फिरा. सुटं कार्ड घेण्यापेक्षा मिश्र गठ्ठा स्वस्त पडतो; त्यात सुमोवालेच जास्त निघाले तरी हरकत नाही. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा फोटो मागाच. एका विक्रेत्याने मला कार्डं थेट चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर बसवून पाठवली आणि काढताना दोन कार्डांच्या मागचा छापील थर निघून आला. भरपाई शेवटपर्यंत मिळाली नाही. नागाशिमा किंवा ओह यांचं पहिल्या वर्षाचं म्हणून महाग विकलं जाणारं कार्ड भिंगाखाली बघितल्याशिवाय घेऊ नका. कडा एकसारखी पांढरीशुभ्र असेल तर नकली असल्याच्या संशयाने मी ते खाली ठेवतो.

जूनमध्ये इथे त्सुयु, म्हणजे पावसाळा, सुरू झाला की जुन्या पुठ्ठ्याला बुरशी धरते. पीव्हीसीची मऊ पाकिटं अजिबात नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. साध्या कार्डांच्या पाकिटांत जाड मेन्को कोंबले की कोपरे दुमडतात, गोल तर मावतच नाहीत. मी गोल मेन्को झाकणाच्या डब्यात, मध्ये आम्लमुक्त कागद घालून ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दमट वास आला की त्या पुड्या लगेच बदलायच्या. मुंबई-कोकणात कार्डं न्यायची असतील तर ही काळजी दुप्पट घ्या.