रीची की दामातेन? हानचा हिशेब

जपानी रीची माहजोंगमध्ये बंद हात (इतरांच्या टाइल न उचलता जमवलेला) तेनपाईला आला, म्हणजे जिंकायला एकच टाइल उरली, की दोन वाटा उरतात: 1000 गुणांची काडी ठेवून रीची पुकारायची, नाहीतर गप्प राहून दामातेन खेळायचं.

आधी याकु (जिंकायला लागणारी ठरलेली रचना किंवा अट) बघा. याकु नसेल तर दामातेनवर इतरांनी टाकलेल्या टाइलवर रॉन करता (म्हणजे जिंकता) येत नाही (भिंत संपल्यावर टाकलेली शेवटची टाइल वगैरे अपवाद सोडून). रीची स्वतःच एक याकु, म्हणून असा हात बहुतेक वेळा रीचीचाच. फक्त सुरुवातीच्या फेऱ्यांत 4-6 धरून 5ची वाट असेल, तर थोडं थांबा. 3 किंवा 7 आला की वाट दुहेरी होते, 4 टाइलच्या जागी 8. दोन-तीन फेऱ्यांत काही आलं नाही, तर रीची.

याकु असेल तर गुण मोजा. याकु आणि दोरा (बोनस टाइल) यांनी हान म्हणजे हाताची पत वाढते, रीचीने आणखी एक; फू म्हणजे रचनेचे मूळ गुण. डीलर नसताना, 30 फूवर, रॉनचे आकडे असे:

पिन्फू (सलग त्रयींचा साधा हात) आणि एक दोरा: दामातेन 2000, रीची 3900.
त्यात तान्याओ (फक्त 2 ते 8च्या टाइल): 3900, रीचीवर 7700.
आणखी एक दोरा: 7700, रीचीवर 8000.

पहिल्या दोन हातांत रक्कम जवळपास दुप्पट होते, वर इप्पात्सु (रीचीनंतर एका फेरीत जिंकणं) आणि उरा-दोराची (रीचीने जिंकल्यावर उघडणारा जादा दोरा) आशा. तिथे गप्प बसणं फार महाग पडतं. तिसऱ्यात मात्र जेमतेम 300 वाढतात आणि तिघेही सावध होतात. स्वतः उचलून जिंकलात तर रीचीवर 12000 मिळतात हे खरं, तरी आमचा कौल दामातेनला.

रीचीचा खरा तोटा कुलूपबंद हात. डीलरचीही रीची आली, तर उचललेली धोक्याची टाइल टाकावीच लागते. दामातेनवर हात मोडून बचाव करता येतो. रीचीनंतर जिंकणारी टाइल सोडली, तर त्या डावापुरता रॉन बंद. दामातेनवर ते फुरितेन (रॉनबंदी) पुढच्या आपल्या उचलीपर्यंतच.

शेवटच्या डावात फक्त फरक मोजा. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा 3000 मागे असाल आणि हात 3900चा असेल, तर कुणाकडूनही रॉन चालेल, काडी कशाला? 6000 मागे असाल तर 3900 फक्त पहिल्याकडूनच पुरतात. तिथे रीची लावा, मग 7700 कुणाकडूनही पुरतील.