रोमन नाण्यांतल्या दोन चुका: ब्रॉकेज की दुहेरी ठसा?

रोमन टांकसाळीत सगळं काम हाताने चाले. खालचा साचा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर चांदीची तापवलेली चकती, वर दुसरा साचा आणि त्यावर हातोड्याचा घाव.

पहिल्या घावानंतर चकती जरा सरकली आणि दुसरा घाव बसला, की दुहेरी ठसा उमटे: एका चेहऱ्याला दोन नाकं, अक्षरं एकमेकांवर चढलेली. गंमत आहे, पण बऱ्याचदा चेहरा कोणाचा हेच ओळखू येत नाही.

ब्रॉकेजची गोष्ट वेगळी. तयार नाणं वरच्या साच्यात अडकून राहिलं आणि कारागिराच्या लक्षात आलं नाही, तर पुढच्या चकतीवर तेच नाणं साच्याचं काम करी. मग एका बाजूला उठावाचा चेहरा आणि मागे तोच चेहरा खोलगट, उलटा! प्रजासत्ताक काळातल्या देनारियसमध्ये (रोमचं चांदीचं नाणं) असे नमुने बऱ्यापैकी सापडतात.

संग्रहासाठी निवडायचं झालं, तर माझं मत ठामपणे ब्रॉकेजला. त्यात तपासायलाही आधार मिळतो: दोन्ही चेहरे एकाच खालच्या साच्यातून आलेले, म्हणून केसांची बट न बट जुळायला हवी. मागचा चेहरा थोडा पसरट असेल तर घाबरू नका. अडकलेलं नाणं घावागणिक चेपत जाई.