२०० अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, नऊ महिन्यांनंतर: बोर्ड नव्हे, रिले गेला होता

गेल्या दिवाळीत साडेसात हजाराला घेतलं तेव्हा चार स्टार दिले होते. जुलैत रागानं दोन केले. आता परत लिहितोय, कारण माझे साडेचार हजार थोडक्यात वाचलेत.

कामाला मशीन चांगलंच. आमचं गाव खानापूर तालुक्यात. गोठ्याचं शेड, खिडक्यांचे ग्रिल, ट्रॉलीचा फाळका, सगळं यावरच केलं. बारा नंबरचा रॉड ऐंशी अँपियरला न चिकटता चालतो. पूर्वीचं तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन हलवायला चार माणसं लागायची, हे एका हातात जातं.

भर पावसात गोठ्याचा पत्रा सुटला आणि त्याच दिवशी यानं दगा दिला. पंखा फिरतोय, आकडा दिसतोय, खरं रॉड टेकवला की एक ठिणगी आणि सगळं बंद. जरा थांबून लावलं तरी तेच.

बेळगावात सर्व्हिसवाल्याकडं नेलं. त्यानं झाकण काढून ग्राइंडरची काळी धूळ दाखवली. "धूळ आत गेली, वॉरंटी बसत नाही. बोर्ड बदलावा लागतोय, साडेचार हजार." वेल्डिंग जिथं, तिथं ग्राइंडर चालणारच की! भांडलो आणि मशीन उचलून आणलं.

तिथनं उद्यमबागेत गेलो. फाउंड्र्या आणि मशीन शॉपची वस्ती, असली मशीनं तिथं रोजची. दुरुस्तीवाल्या पोरानं आधी उघडलंच नाही. "काका, चालू केल्यावर टक्क वाजतंय काय बघा." नऊ महिन्यांत मी तिकडं कान दिला नव्हता. लावून ऐकलं तर फुसका आवाज आला.

तो टक्क म्हणजे रिले, आपोआप जुळणारा-सुटणारा विजेचा स्विच. मशीन चालू करताना आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबे, रिकामे असतात, एकदम मोठा करंट ओढतात. म्हणून करंट आधी थर्मिस्टरमधून, म्हणजे करंट अडवून धरणाऱ्या छोट्या पार्टमधून जातो. कपॅसिटर भरले की रिलेचे पॉइंट जुळतात आणि करंटला सरळ वाट मिळते. माझ्या रिलेचे पॉइंट जळून काळे झालेले. सगळा भार थर्मिस्टरवर. पंख्यापुरतं तेवढं चालतं, रॉड टेकवला की व्होल्टेज बसतं.

रिले एकशेवीस रुपये, मजुरी तीनशे. मशीन पहिल्यासारखं.

माझा राग त्या रिलेवर आहे आणि तो गेलेला नाही. काडेपेटीपेक्षा लहान वस्तू, सगळ्या मशीनचा भार त्यावर. कंपनीनं थोडा मोठा बसवला असता तर किती रुपये वाढले असते? माझ्यासारख्यानं शेडचं काम अर्धं टाकून पावसात दोन खेपा का घालायच्या?

खरं एक माझ्याकडंही लागतं. संध्याकाळी गोठ्यात मशीन टरटर वाजायचं, मला पंखा वाटायचा. दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, व्होल्टेज कमी पडलं की रिले नीट धरत नाही, थरथरतो आणि पॉइंट जळतात. घरी येऊन मोजलं. मेन बोर्डवर २०५, चाळीस मीटर लांब गोठ्यात काम चालू असताना १८०. वायर दीड एमएमची होती. चार एमएमची ओढली, आता १९५ च्या आसपास मिळतं आणि टरटर बंद आहे. वायरीला रिलेच्या कितीतरी पट गेले, तरी ते मला पटले.

म्हणून साडेतीन स्टार. अर्धा रिलेसाठी कापला, एक सर्व्हिससाठी.

धूळ महिन्याला ब्लोअरनं बाहेरूनच मारतो, ग्राइंडर आता दहा फूट लांब. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी राहतो; पोरानं हात घालायच्या आधी बल्ब लावून तो उतरवला.

नवीन घेणार असाल तर दुकानातच प्लग लावायला सांगा, पंखा सुरू झाल्यावर कान द्या. टक्क खणखणीत वाजलं पाहिजे.