आधी हिशेब शिकावा की विक्री? घरगुती मसाल्याचा धंदा वाढवू पाहणाऱ्यांसाठी

घरच्या कांदा-लसूण मसाल्याला ओळखीपाळखीतून मागणी येऊ लागली की धंदा वाढवायचं मनात येतं. वेळ मात्र थोडाच असतो. मग गिऱ्हाईक मिळवणं, दुकानदाराशी बोलणी करणं, व्हॉट्सअ‍ॅपवर माल दाखवणं आधी शिकायचं, की भाव काढणं आणि उधारी सांभाळणं?

विक्रीचं फळ लगेच दिसतं. एक मोठी ऑर्डर आली की घरभर उत्साह येतो. हिशेबाचं तसं नाही, म्हणून बहुतेक जण आधी विक्रीच्या मागे लागतात. माझं मत वेगळं आहे. पुन्हा पुन्हा मसाला नेणारी गिऱ्हाइकं तुमच्याकडे असतील, तर आधी हिशेबच शिका.

समजा, मिरची, खोबरं, कांदा-लसूण, तेल, गॅस, डंकावरची कुटाई, पाकीट आणि मदतनीस बाईंची मजुरी धरून एक किलो मसाला ४८० रुपयांना पडतो आणि तुम्ही तो ६०० ला विकता. किलोमागे १२० सुटतात. सणाला १० टक्के सूट दिलीत, तर भाव ५४० होतो आणि हातात ६०च उरतात. म्हणजे पूर्वीइतकेच पैसे मिळवायला दुप्पट माल विकावा लागेल. दुकानदारानं २० टक्के मागितले, तर तुमच्या वाट्याला ४८० येतात. विक्री जोरात, कमाई शून्य! हे ४८० सुद्धा अनेकींनी कमी धरलेले असतात, कारण देठ काढताना आणि भाजताना होणारी घट कुणी मोजत नाही. विकत आणलेल्या वजनावर नव्हे, तयार मसाल्याच्या वजनावर भाव काढा.

उधारीचंही तसंच. महिन्याला ५० किलो माल दुकानांत गेला आणि पैसे दोन महिन्यांनी आले, तर तुमचे ४८,००० रुपये कायम अडकलेले. विक्री दुप्पट झाली की ९६,०००. त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षाची मिरची रोखीनं भरायची वेळ येते.

हे काम सीएवर सोपवता येईल का? ते रिटर्न भरतील, पण किलोमागची घट त्यांना तुम्हीच सांगायची. सल्ला मात्र वेळेत घ्या. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण मसाल्याची पार्सलं परराज्यात विकू लागलात की ही सूट राहत नाही. विक्रीतली काही कामं दुसऱ्याला देता येतात. फोटो, रील भाचीसुद्धा करून देईल. पण भावाची बोलणी स्वतःच करा, आणि ती करायला आधी आपला ४८० चा आकडा पाठ हवा.

विक्री आधी शिकावी अशीही एक स्थिती आहे. मसाला उत्तम, पण नातेवाइकांपलीकडे कुणी पैसे मोजून घेतलेला नाही. तेव्हा वहीत आकडे मांडत बसू नका. गावच्या बाजारात बसा, सोसायटीत स्टॉल लावा. बचत गटात असाल तर महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनासाठी प्रयत्न करा. तिथं चव द्या, तिखट किती चालतं ते विचारा आणि दुसऱ्यांदा कोण मागवतं ते टिपून ठेवा. पहिली खरेदी कौतुकापोटीही होते.

हिशेबाला एक वही आणि रोज रात्रीची पंधरा मिनिटं पुरतात. विक्रीला माणसांत जावं लागतं, नकार पचवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. दोन्ही जमू लागलं की मोफत होणारी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्या. अशी नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं कायदा सांगतो. नव्या दुकानदाराला माल देण्याआधी पैसे देण्याची तारीख मालाच्या चलनावर लिहून त्याची सही घ्या.