लाँसचे बोलार-डेलेलिस स्टेडियम: बाहेरगावच्या प्रेक्षकांसाठी

फ्रान्समध्ये फुटबॉलचा सामना पाहायचा म्हटले की बहुतेक जण पॅरिस किंवा मार्सेयची तिकिटे शोधू लागतात. माझे मत विचाराल तर पहिला मान उत्तरेकडच्या लाँस या जुन्या खाणगावाला द्यावा. गावाची वस्ती सुमारे ३२,००० आणि स्टेडियमची आसनक्षमता ३८,००० च्या आसपास, यावरूनच इथे फुटबॉलचे स्थान काय आहे ते कळते. पॅरिसहून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत पोहोचता येते, आणि वाफेच्या इंजिनाच्या आकाराचे १९२७ चे रेल्वे स्थानक पाहून पुढे निघालो की स्टेडियम पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

कोळसा खाणीच्या कंपनीने उभारलेले हे मैदान १९३३ मध्ये सुरू झाले. बोलार हे त्या कंपनीच्या संचालकांचे नाव, तर डेलेलिस हे गावाच्या माजी महापौरांचे. १९९८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या लॉराँ ब्लाँने पॅराग्वेविरुद्ध स्पर्धेच्या इतिहासातला पहिला ‘गोल्डन गोल’ (जादा वेळेत होताच सामना संपवणारा गोल) केला, तो इथेच. चारही बाजूंचे स्टँड सुटे आणि मैदानाला अगदी लगटून असल्यामुळे खेळाडूंच्या हाका, चेंडूवर बसलेली लाथ, सारे स्वच्छ ऐकू येते. अन्यत्र कट्टर समर्थक गोलपोस्टच्या मागे बसतात. इथे ते मारेक या लांबलचक बाजूच्या स्टँडमध्ये असतात आणि आवाज मैदानाच्या मध्यावर येऊन आदळतो. तिकीट काढताना शक्यतो मारेकच्या समोरची जागा घ्यावी. उत्तरार्धाच्या आरंभी सारे स्टेडियम खाणकामगारांच्या वस्त्यांवरचे गाणे एका सुरात म्हणते, तेव्हा जागेवर असणे चुकवू नये. मध्यंतरात खायला गेलेल्यांनी वेळेत परतावे.

खाण्याचे म्हणाल तर स्टेडियमभोवतालच्या गाड्यांवर मिळणारे बटाट्याचे गरम, जाडसर काप फार चविष्ट असतात. मात्र या भागात ते परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी आणि गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी आधी विचारूनच घ्यावेत.

सामना संध्याकाळचा असेल तर दुपार लूव्र-लाँस संग्रहालयात घालवावी. बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर २०१२ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयातील मुख्य दालनाला प्रवेशशुल्क नाही. मंगळवारी ते बंद असते. हाताशी आणखी एक दिवस असल्यास उत्तरेकडे काही अंतरावरचे नव्ह-शापेलचे भारतीय स्मारक अवश्य पाहावे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे तिथे कोरलेली आहेत.

गैरसोय आहे ती मुक्कामाची. गावात हॉटेले मोजकी असून मोठ्या सामन्याच्या वेळी ती लवकर भरतात, म्हणून लील किंवा आरास या जवळच्या शहरांत खोली घेणे सोयीचे पडते. पण रात्री नऊचा सामना संपायला अकरा वाजतात, तेव्हा परतीची शेवटची गाडी तिकीट काढण्यापूर्वीच पाहून ठेवावी.