सीआरएस-आर: बेशुद्धीच्या तपासणीत आरसा का हवा

डोळे उघडे आहेत, पण आत जाणीव आहे का? मेंदूला जबर मार लागलेल्या रुग्णाबाबतचा अंदाज नुसत्या नजरेने बांधला तर तो फार वेळा चुकतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियन संशोधकांच्या अभ्यासात, डॉक्टरांनी एकमताने 'जाणीव नाही' ठरवलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत सीआरएस-आर (कोमा रिकव्हरी स्केल-रिव्हाइज्ड) या खाटेशेजारी करायच्या तपासणीने जाणिवेच्या खुणा दाखवल्या. जिआचिनो, कालमार आणि व्हाइट यांनी २००४ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी आम्ही ठामपणे सुचवतो.

ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंड-आवाज, संवाद आणि जागेपणा असे तिचे सहा भाग, एकूण गुण २३. महागडं यंत्र लागत नाही.

तिची खरी ताकद आरशात आहे. हातातला आरसा चेहऱ्यासमोर ४ ते ६ इंचांवर धरायचा आणि सावकाश ४५ अंश उजवीकडे-डावीकडे, मग वर-खाली न्यायचा. प्रत्येक दिशाजोडीत दोन फेऱ्या. नजर न सुटता दोनदा ४५ अंशांपर्यंत आरशामागे गेली, तर ती जाणिवेची खूण. नाही जमलं, तर एक डोळा झाकून पुन्हा बघावं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आरशाऐवजी पेन किंवा बोट फिरवणं. स्वतःच्या चेहऱ्यामागे जाणारी नजर पेनामागे जाईलच असं नाही, आणि तेवढ्यावरून रुग्णाचं निदानच बदलतं.

आज्ञा देण्याआधी एक मिनिट रुग्णाला नुसतं पाहायचं. आपोआप होणारी हालचाल टिपून ठेवली नाही, तर तीच पुढे प्रतिसाद म्हणून मोजली जाते. मग 'हात हलव', १० सेकंद थांबा, असं चार वेळा. आज्ञा रुग्णाच्या घरच्या बोलीतच हवी. मराठी घरातल्या आजींना इंग्रजीत सांगून शून्य गुण देणं हा सरळ अन्याय आहे. डोळे मिटायला लागले की चेहऱ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत खोल दाब देऊन जागं करायचं आणि तपासणी पुढे न्यायची.

उणिवा आहेत. एका बैठकीला साधारण १५ ते ३० मिनिटं जातात, आणि एक बैठक पुरत नाही. दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तपासावं, कारण जाणीव दिवसागणिक कमी-जास्त होते. एकूण गुणांवर निदान करू नये, कोणत्या भागात काय जमलं ते पाहावं. बहिरेपण, वाचाघात (मेंदूच्या इजेने भाषा बोलणं-समजणं बिघडणं), श्वासनळीतली नळी यांनी गुण खाली जातात. शिवाय २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात, खाटेशी आज्ञा न पाळणाऱ्या २४१ पैकी ६० रुग्णांच्या मेंदूने एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारं स्कॅन) किंवा ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आज्ञेला प्रतिसाद दिला होता. म्हणून कागदावर शून्य आलं तरी खाटेशेजारी रुग्णाविषयी जपून बोलावं, आणि गुंगीच्या औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला ते त्याच कागदावर लिहावं.