इस्त्रीचा डाग ‘गायब’ करून देणाऱ्यांपासून सांभाळा

डिचोली, म्हापसा, फोंडा भागात कोणी ‘इस्त्रीने करपलेला कपडा शंभर टक्के पहिल्यासारखा करून देतो’ म्हणाला, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. माझे अठराशे रुपये गेले ते एक वेळ जाऊ देत. सासूबाईंच्या हातची गोधडी गेली, तिची भरपाई कोण करणार?

गोधडी त्यांच्याच जुन्या सुती लुगड्यांची. वर लाल चौकड्यांचं कापड, आत मऊ पडलेली धोतरं, आणि बोटभर अंतरावर घातलेला हाताचा धावदोरा. पावसात ऊन नाही, कपड्यांना कुबट वास, म्हणून घरात तिच्यावर इस्त्री फिरत होती. मध्येच लाईट गेली. परत आली तेव्हा इस्त्री तिथेच होती. त्रिकोणी डाग, कडेला पिवळसर, मधोमध जवळजवळ काळा.

बाजारात टेबल मांडून बसलेल्या त्या माणसाविषयी शेजारणीने सांगितलं. टेबलावर बाटल्या, मागे बोर्ड. त्याने पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला, त्यावर तपकिरी डाग. ‘बाय, हा बघा इस्त्रीचा डाग,’ म्हणत बाटलीतलं पाणी टाकलं. डाग डोळ्यांदेखत गेला. आजूबाजूच्या बायका ‘अरे वा’ करायला लागल्या. गोधडी ठेवून घेतली, सगळे पैसे आगाऊ घेतले. पावती मागितली तर ‘फोनवर मेसेज आला ना, तीच पावती’. मेसेजमध्ये नाव मात्र बोर्डावरचं नव्हतं, भलतंच होतं.

परत मिळाली तेव्हा डाग खरंच दिसत नव्हता. पण हात फिरवला की ती जागा कडक लागायची, आणि नळाला क्लोरीन जास्त झालं की येतो तसला वास. ‘केमिकलचा आहे, जाईल.’ चवथीच्या आधी गोधडी साध्या पाण्यात भिजवली. पाणी गढूळ लाल झालं, वरचा रंगाचा लेप सुटला, आणि डागाच्या मधलं कापड पिळताना बोटांत आलं. भोवतीच्या चौकड्या फिकट गुलाबी. म्हणजे आधी ब्लीच, मग त्यावर कापडाला लावायचा रंग. करपलेला धागा आधीच कमकुवत, त्यावर कडक ब्लीच म्हणजे उरलेलाही खलास. फोन लावला तर बंद. टेबलही पुन्हा दिसलं नाही.

टेबलावरच्या जादूचा उलगडा फार्मसी शिकणाऱ्या पुतणीने केला. ‘काकी, तो डाग आयोडीनचा असणार.’ तिने जुन्या पंचाच्या चिंधीवर टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले, वर व्हिटामिन सीची गोळी विरघळवलेलं पाणी. तपकिरी डाग क्षणात नाहीसा. मग त्याच चिंधीचं दुसरं टोक तिने तव्यावर करपवलं आणि तेच पाणी ओतलं. काही म्हणजे काही झालं नाही.

कारण करपणं हा वरून लागलेला डाग नव्हे, सूतच जळलेलं असतं. फिकट पिवळा असेल तर वरचेच तंतू भाजलेले असतात, तो कमी होऊ शकतो. मेडिकलमध्ये मिळणारं तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड त्यावर लावून कापड उन्हात ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघायचं. गडद तपकिरी, काळा असेल, नखाने खरवडल्यावर भुसा निघत असेल, तर ते कापड कुठल्याही बाटलीने परत पहिल्यासारखं होत नाही. पॉलिस्टर असेल तर ते वितळून चकाकतं. तिथे तर पेरॉक्साइडचाही उपयोग नाही.

अशा जागेला ठिगळच हवं, आणि ठिगळ लावायला लाज कसली, गोधडी मुळात ठिगळांचीच असते. तुकडा तितकाच जुना, सुती घ्यावा. नवा कोरा असेल तर आधी धुऊन आटवून घ्यावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. दोरा सुतीच, आणि टाके जुन्या धावदोऱ्याच्या ओळीतून पुढे न्यावेत. आमच्या वाड्यावरची एक आजी आता ते करते आहे, तिने मजुरी ठरवायलाच नकार दिला. पण आधी जेवढं झाकता आलं असतं त्याच्या तिप्पट जागा आता झाकावी लागते आहे.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. पावती नाही, त्यामुळे यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पैसे गेलेलं नाव आणि फाटलेल्या जागेचे फोटो हाच पुरावा. कोणाच्या फोनमध्ये असले मेसेज असतील तर पुसू नका. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

परवा फोंड्याहून बहिणीचा फोन आला, तिथेही असंच टेबल लागलंय म्हणे. माणूस तोच की दुसरा, देव जाणे. तुमच्या नजरेला पडलं तर घरूनच एक सुती फडकं इस्त्रीने चांगलं करपवून न्या आणि त्याला म्हणा, आता यावर टाक तुझं पाणी.